एक्स्प्रेस खडवलीला थांबत नाही

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एखादी मुलगी जरा जोरात पळाली, की तिची लगेच आगगाडी होते. केरळची पी. टी. उषा पळाली, तिची 'पय्योळी एक्स्प्रेस' झाली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत पळाली, तिची 'सावरपाडा एक्स्प्रेस' झाली. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर 'माणदेशी एक्स्प्रेस' झाली आणि आसामची हिमा दास 'ढिंग एक्स्प्रेस' झाली. बंगालची झूलन गोस्वामी बिचारी चेंडू टाकायला लागते तेवढीच धाव घेत होती, पण तिलाही कोणी सोडले नाही. ती 'चकदा एक्स्प्रेस' झाली. यातल्या सावरपाड्याला रेल्वेच नाही. रेल्वे मंत्रालयाला जे आजवर जमले नाही, ते एका उपसंपादकाने रात्री अकरा वाजता, चहाच्या एका कपावर, करून दाखवले.

पुरुषांतही शोएब अख्तर 'रावळपिंडी एक्स्प्रेस' होता, हे मला ठाऊक आहे. पण आपले मिल्खासिंग पळाले तेव्हा ते 'फ्लाइंग सिख' झाले. म्हणजे पुरुषाला विमान आणि बाईला रेल्वे, असा साधारण प्रवासभत्त्याचा नियम दिसतो. आमच्या बँकेतसुद्धा अधिकारी विमानाने जातात आणि क्लार्क रेल्वेने.

आता एक्स्प्रेस म्हणजे काय, हे खडवलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. कल्याण सोडले की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. आमच्याकडे कसाऱ्याची लोकल थांबते, आसनगावची थांबते. एक्स्प्रेस थांबत नाही. ती लांबून भोंगा वाजवत येते, फलाटावरच्या माणसांना दोन पावले मागे ढकलते, हातातले वर्तमानपत्र फडफडवते, आणि आपण 'पंचवटी का?' असे शेजाऱ्याला विचारेपर्यंत भातसा नदीच्या पुलावर गेलेली असते. मग पुन्हा शांतता. पुढची लोकल येईपर्यंत आपण आणि तो फलाट.

तेव्हा उपसंपादकाने नाव अगदी योग्य ठेवले आहे, असे माझे मत आहे. बाई वर्तमानपत्रातून अशीच जाते. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणले. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने त्याच शर्यतीत रौप्य आणले. त्या दोन महिन्यांत भोंगा वाजला, फलाट हादरला. त्याआधी ती काय करत होती? पळतच होती. त्यानंतर काय करत होती? तेव्हाही पळत होती. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन धावली. पण फलाटावर उभे राहणाऱ्या आम्हा वाचकांना ती दिसली ती फक्त गाडी धडधडत गेली तेवढ्यापुरती.

ललिता बाबरचे तेच. ऑगस्ट २०१६ मध्ये ती रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ साली उषाचे पदक एक शतांश सेकंदाने हुकले, त्यानंतर बत्तीस वर्षांत ऑलिंपिकच्या धावमार्गावर अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय बाई. आठवडाभर आमच्या डब्यात स्टीपलचेसची चर्चा होती. स्टीपलचेस म्हणजे अडथळे ओलांडून आणि पाण्यातून उडी मारून पळणे, हे कळल्यावर आमच्या डब्यातले एक काका म्हणाले, "मग त्यात काय? पावसाळ्यात आपण रोज स्टेशनला जातो तेच की!" आठवडा संपला. त्यानंतर आमच्या डब्यात स्टीपलचेस हा शब्द पुन्हा कोणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही.

डब्यावरून आठवले. लोकलमध्ये बायकांना राखीव डबे असतात. ते पुरत नाहीत, हे सौ. मला रोज रात्री सांगते, आणि ते खरेच आहे. पण बारा डब्यांच्या गाडीत रेल्वेने बायकांना जेवढी जागा दिली आहे, तेवढी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाने रोज दिली, तर बायका आनंदाने उभ्यानेही प्रवास करतील. शेवटच्या पानावर सकाळी काय असते? वर आठ कॉलम पुरुषांचे क्रिकेट. सामना असेल तर सामना; नसेल तर सराव; सराव नसेल तर एखाद्या फलंदाजाच्या मांडीचा स्नायू. मी आजवर शेवटच्या पानावर पुरुष खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूंविषयी इतके वाचले आहे, की फावल्या वेळात मालिशचा धंदा काढू शकेन. त्याच्याखाली युरोपातला फुटबॉल. तिथल्या ज्या क्लबांची नावे धड उच्चारता येत नाहीत, त्यांच्या मॅनेजरला काढले की ठेवले, याची आम्हाला खडवलीत काळजी. मग टेनिस. मग जाहिरात. आणि जाहिरातीच्या बगलेत, जिथे गाडीत दारापाशी चपला ठेवतात तशा जागी, कबड्डी आणि खो-खो.

आता इथे मात्र मराठी वर्तमानपत्रांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. कबड्डी आणि खो-खोचे निकाल इतकी वर्षे नेमाने छापले ते मराठी पत्रांनीच. इंग्रजी पत्रांनी कबड्डी हा खेळ आहे हे २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर दिसल्यावर शोधून काढले. आमच्याकडे जिल्हा पानावरचा, बिनपगारी किंवा तसाच पगार असलेला एखादा वार्ताहर रात्री मैदानावर बसून कोणी किती चढाया केल्या, कोणी पकडी चांगल्या केल्या, लोण कधी दिला, हे सारे टिपून घेतो. खो-खोत कोण किती मिनिटे पळाले ते सेकंदासकट लिहितो. त्या माणसाला माझा नमस्कार आहे. माझी तक्रार त्याच्या बातमीतल्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

ते वाक्य वाचकांना पाठ असेल. पुरुषांच्या अंतिम सामन्याचे वर्णन होते, मध्यंतराची आघाडी होते, उत्तरार्धातला पलटलेला डाव होतो, प्रमुख पाहुण्यांची यादी होते आणि मग येते: 'महिला गटात अमुक संघाने तमुक संघावर मात करून विजेतेपद पटकावले.' बस्स. पूर्ण वेळ सामना झाला, तिथेही आघाडी पिछाडी झाली असेल, कोणी शेवटच्या चढाईत बोनस आणला असेल, कोणाचा गुडघा फुटला असेल; सगळे त्या एका वाक्यात बसवलेले. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत शेवटी 'आपले नम्र, समस्त परिवार' असते ना, तसे. आणि वार्ताहराचाही दोष नाही. बातमी खालून कापतात. रात्री उशिरा जाहिरात आली, की पान लावणारा माणूस सर्वांत खालचे वाक्य उचलतो. सर्वांत खालचे वाक्य कोणते असते, ते वर सांगितलेच आहे. म्हणजे महिला गटाचे विजेतेपद हे त्या रात्री फ्रीज विकला जाणार की नाही, यावर अवलंबून.

बरे, मोठ्या स्पर्धेत जिंकल्या तर जागा मिळते. पण मग भाषा बदलते. पुरुष जिंकले की 'भारताचा विजय'. बायका जिंकल्या की 'भारताच्या लेकींनी करून दाखवले!' रणरागिणी, वाघिणी, दुर्गा, सुवर्णकन्या. शेवटच्या पानावर अचानक नवरात्र बसते. मला यातले 'लेकी' हे प्रकरण फार दिवस खुपते आहे. पुरुषांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवले, तर 'भारताच्या जावयांनी ऑस्ट्रेलियाला लोळवले' असा मथळा कोणी दिलेला माझ्या पाहण्यात नाही. हे मी घरी बोललो, तेव्हा सौ. भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "जिंकल्या की भारताच्या लेकी. आणि हरल्या की कोणाच्या हो?" मी बराच वेळ विचार केला. आठवले नाही. हरल्याची बातमीच आठवली नाही.

आणि मग गरिबी. पुरुष खेळाडूची बातमी त्याच्या खेळापासून सुरू होते, बाईची बातमी तिच्या आईच्या धंद्यापासून. आई भाजी विकते, वडील रिक्षा चालवतात, घर पत्र्याचे आहे, पहिले बूट मावसभावाचे होते. हे सारे खरे असते, आणि वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी येते. पण डोळे पुसून पुढे वाचू लागावे तो बातमी संपलेली. ती डाव्या कोपऱ्यात खेळते की उजव्या, चढाईला जाताना कोणता पाय पुढे टाकते, हे कुठे नाहीच. एखाद्याने कर्जासाठी अर्ज करावा आणि आम्ही त्याच्या बालपणाची चौकशी करून रकमेचा रकानाच कोरा सोडावा, तशातला प्रकार.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे असे समजून कोणी गहिवरू नये. २०१७ च्या जून महिन्यात इंग्लंडमध्ये विश्वचषकाच्या तोंडावर आपली कप्तान मिताली राज हिला एका वार्ताहराने विचारले, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारले, हाच प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूला कधी विचारता का, की तुमची आवडती महिला क्रिकेटपटू कोण? पुढच्याच महिन्यात विम्बल्डनला अँडी मरे हरला. त्याला हरवणाऱ्या खेळाडूबद्दल एका पत्रकाराने प्रश्न सुरू केला, की २००९ नंतर मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठणारा हा पहिला अमेरिकन खेळाडू. मरेने मध्येच दुरुस्ती केली: पुरुष खेळाडू. मधल्या काळात सेरेना विल्यम्सने अशा स्पर्धा नुसत्या गाठल्या नव्हत्या, डझनभर जिंकल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्याला एक डझन दिसले नाही. आमच्याकडे कॅशमध्ये एक डझन कमी आले, तर रात्री नऊपर्यंत कोणाला घरी सोडत नाहीत.

अमेरिकेतल्या काही प्राध्यापकांनी लॉस एंजेलिसच्या टीव्ही बातम्यांत महिला खेळांना किती वेळ मिळतो, ते १९८९ पासून मोजत आणले. १९८९ साली पाच टक्के. २०१९ साली पाच पूर्णांक चार टक्के. तीस वर्षांत वाढ शून्य पूर्णांक चार. इतक्या दराने आमच्या बँकेचे बचत खातेसुद्धा वाढत नाही, आणि आमच्या बचत खात्याबद्दल लोक काय बोलतात ते मी काउंटरवर रोज ऐकतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखची गोष्ट तर अजून ताजी आहे. जानेवारी २०२४ मध्ये ती हॉलंडमधल्या वाइक आन झी इथे खेळून आली, वय अठरा. आल्यावर तिने जाहीरपणे लिहिले, की काही डाव आपण चांगले खेळलो असे तिला वाटत होते, पण बघणाऱ्यांचे लक्ष डावांवर नव्हते. तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवर होते. बुद्धिबळासारख्या खेळात, जिथे खेळाडू चार चार तास हलतसुद्धा नाही, तिथे बघायला पटाशिवाय दुसरे काही सापडावे, ही बघणाऱ्याचीच प्रतिभा. दीड वर्षाने, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातल्या बातुमीला याच मुलीने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली. अंतिम सामन्यात दोन्हीकडे भारतीयच. तेव्हा पहिले पान मिळाले, नागपुरात मिरवणुकाही निघाल्या. मी ती बातमी मोठ्या आशेने वाचली, कारण मला थोडेफार बुद्धिबळ येते. आई काय म्हणाली ते होते, विमानतळावर गर्दी किती होती ते होते. डाव नव्हता. एक चाल छापली असती तर काय घोडा मेला असता?

बुद्धिबळाचा विषय निघाला म्हणून जुनी आठवण. मुंबईत 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची दहाएक वर्षे ते विजेतेपद बहुतेक याच घरात मुक्कामाला होते. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली, तर गहजब झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ओय्वे यांना निर्वाळा द्यावा लागला, की बाईला अशा स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही. रोहिणीने पुढे १९८१ आणि १९८३ ला आशियाई विजेतेपद आणले. मला या हकिकतीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: मुलींच्या वडिलांकडे वर्तमानपत्र होते. प्रत्येक खेळाडू मुलीच्या वडिलांकडे एक वर्तमानपत्र असते, तर मला हा लेख लिहायचे कारण उरले नसते. पण बहुतेक वडिलांकडे फार तर कालची रद्दी असते.

अशाच एका वडिलांची गाठ मला आमच्या शाखेत पडली. गृहस्थ आमच्या खडवलीच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे, वीटभट्टीवर काम करणारे. पासबुक भरून घ्यायला आले होते. पासबुकात भरण्यासारखे फारसे नव्हते. ते झाल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जपून एक कात्रण काढले आणि काउंटरच्या फटीतून आत सरकवले. त्यांची मुलगी आंतरशालेय स्पर्धेत आठशे मीटरमध्ये पहिली आली होती. कात्रणात फोटो होता. फोटोत मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी उपाध्यक्ष, दोन कार्यसम्राट, एक भावी नगरसेवक आणि चषक. खाली डावीकडून सर्वांची नावे, पदांसहित, आणि शेवटी 'व विजेती खेळाडू'. विजेती खेळाडू शोधायला मला चष्मा लावावा लागला. भावी नगरसेवकांच्या दंडामागून एक वेणी आणि अर्धा कान दिसत होता.

"साहेब," ते म्हणाले, "ही वेणी माझ्या पोरीची हाये."

मी म्हटले, छान आहे. अभिनंदन.

"तसं नाय. बूट पाहिजेत तिला, ते खिळेवाले. एक शेठ देतो म्हनतो. पन म्हनतो, पेपरात नाव आलेलं दाखव. नाव तर नाय. तर यावर बँकेचा शिक्का मारून द्याल का, की ही वेणी आमचीच हाये?"

मी कात्रण घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेलो. साहेब माणूस चांगला. त्यांनी वेणी भिंगातून पाहिली, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वेणीची केवायसी करता येत नाही हो."

आम्ही बँकवाले ज्याला तारण म्हणतो, ते म्हणजे हेच. ज्याच्याकडे आधीच काही आहे, त्याला आणखी मिळते. खेळाडूचे तारण म्हणजे छापून आलेले नाव. नाव छापून आले, तर शेठ बूट देतो, कंपनी किट देते, कोणी प्रवासखर्च देतो. नाव नसले, तर पोरगी जगात सर्वांत जोरात पळाली तरी ती कागदोपत्री एका जागी उभीच असते. त्या वडिलांना मी शिक्का दिला नाही. वार्ताहराला भेटा, शाळेकडून दाखला आणा, असे सांगितले. दाखला मिळेपर्यंत शेठ गावाला गेला. मुलगी आता भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. कधी कधी सकाळी फलाटावर दिसते. जिन्यावरून लोकलसाठी धावते तेव्हा बाकीचे लोक मागे पडतात.

आता संपादकांचे म्हणणेही ऐकून घेऊ. संपादक म्हणतात, आम्ही काय करणार? वाचकालाच नको आहे. आमचे हेडकॅशियरही त्याच मताचे. "बायकांच्या क्रिकेटला काय मजा? स्पीड नाही हो." हे वाक्य उच्चारताना ते दहाच्या नोटांचे एक बंडल तिसऱ्यांदा मोजत होते आणि काउंटरसमोरची रांग शाखेच्या बाहेर, वडापावच्या गाडीपर्यंत गेली होती.

वाचकाला नको, हे कोणी ठरवले? १९७३ साली पुण्याला महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभाच. पण तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, शांता रंगास्वामीच्या संघाने पाटण्याला वेस्ट इंडिजला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तो बघायला २५ हजारांहून जास्त माणसे आली होती. टीव्ही नाही, जाहिरात नाही, मोबाइल नाही. ही माणसे काय रस्ता चुकून आत शिरली होती? त्या काळच्या मुली बिनआरक्षणाच्या डब्यातून, क्रिकेटचे सामान मांडीवर घेऊन देशभर हिंडल्या आणि जमिनीवर झोपून दुसऱ्या दिवशी खेळल्या. पुण्याची शुभांगी कुलकर्णी, मुंबईची डायना एडल्जी ही त्यातलीच नावे. क्रिकेट बोर्डाने बायकांचे क्रिकेट आपल्या पंखाखाली घेतले ते २००६ साली. पाटण्यापासून तीस वर्षांनी. गिऱ्हाईक दारात उभे आणि दुकानदार म्हणतो मागणी नाही.

पैशाचे म्हणाल तर तो माझा विषय आहे. २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, तिचे प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटींना गेले. पुरुषांच्या आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क त्याआधीच ४८,३९० कोटींना गेले होते. भागाकार करून पाहिला. शंभर रुपयांना दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. सामने कमी आहेत, लीग नवी आहे, हे मान्य. आणि ९५१ कोटी ही रक्कम मी कधी एका व्हाउचरवर पाहिलेली नाही, हेही मान्य. तरीही कबड्डीच्या मुलींपेक्षा या भाग्यवान. २०१६ साली प्रो कबड्डीबरोबर बायकांचीही एक लीग काढली होती, तीन संघांची. एका संघाची कप्तान आपली अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना एका गुणाने सुटला, २४ विरुद्ध २३. इतका रंगला, की पुढच्या वर्षी लीगच झाली नाही. पुरुषांची चालूच राहिली. मार्च २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय बायकांनी कबड्डीचा पहिला विश्वचषक जिंकला होता. त्यानंतरचा विश्वचषक भरायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. ढाक्याला भरला, तोही आपणच जिंकलो. मध्ये तेरा वर्षे. वाचकांपैकी किती जणांनी ढाक्याची बातमी वाचली, ते हात वर करून सांगा. मी डब्यात विचारले होते. एकाने हात वर केला. तो वरची कडी पकडायला.

त्याच महिन्याची सुरुवात मात्र वेगळी होती. २ नोव्हेंबर २०२५. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना. तीन दिवस आधी तिथेच जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचे ३३९ चे आव्हान मोडले होते. रविवारी पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि आमच्या इमारतीत मध्यरात्रीपर्यंत सर्व दिवे चालू. शेफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ आणि पाच बळी. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली आणि ज्या माणसांनी आयुष्यात बायकांचा सामना पाहिला नव्हता, तीसुद्धा जिन्यात येऊन एकमेकांना 'मी आधीच म्हणालो होतो' म्हणू लागली. हेडकॅशियरनी सोमवारी पेढे वाटले. स्पीडबद्दल बोलले नाहीत.

आता गंमत पाहा. त्या स्पर्धेत सांगलीच्या स्मृती मानधनाने ४३४ धावा केल्या. एका विश्वचषकात इतक्या धावा कोणा भारतीय बाईने आजवर केल्या नव्हत्या. त्या धावा तीन आठवडे टिकल्या नाहीत. तीन आठवड्यांत सारे कॅमेरे सांगलीला तिच्या घराच्या फाटकाशी उभे, विषय लग्न. आत कोण गेले, बाहेर कोण आले, गाडी कुठली होती. शेवटी त्या मुलीला स्वतः निवेदन काढून सांगावे लागले, की हा आमचा खाजगी मामला आहे, आम्हाला थोडी मोकळीक द्या. ४३४ धावांच्या वेळी जे वार्ताहर सांगलीला फिरकले नव्हते, ते आता सांगलीत भेळ खाऊन राहिले होते. म्हणजे जागा नाही, माणसे नाहीत, खर्च परवडत नाही, यातले काहीच खरे नव्हते. एक्स्प्रेस थांबवायची असेल तर थांबवता येते. साखळी कशासाठी ओढायची, एवढाच प्रश्न.

खडवलीचे तरी काय वेगळे आहे म्हणा. आमच्या गावाचे नाव पेपरात केव्हा येते? भातसेत कोणी सहलीला येऊन बुडाले, किंवा ओव्हरहेड वायर तुटली तर. बाकीचे तीनशे साठ दिवस आम्ही इथे जगतो, याची नोंद कुठेच नाही. त्यामुळे असेल, मला या मुलींविषयी जरा शेजारधर्म वाटतो.

आणि जवळची माणसेही आपल्याला कुठे ठाऊक असतात? एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बायकांनी टेबल टेनिसचे सांघिक सुवर्ण जिंकले. २००२ पासून सिंगापूरने त्या पदकाला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. अंतिम सामन्यात मौमा दासबरोबर दुहेरी जिंकणारी मधुरिका पाटकर ही आपल्या ठाण्याची. मी ठाण्याच्या गाडीत रोज बसणाऱ्या अकरा जणांना तिचे नाव विचारले. सात जणांनी 'कोण?' म्हटले, तिघांनी 'कोणत्या मालिकेत आहे?' म्हटले आणि एकजण झोपला होता.

या सर्वाचा परिणाम होऊन मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले. बँकेच्या पद्धतीने, मुद्देसूद, समास सोडून. शेवटच्या परिच्छेदात गेल्या पंधरा वर्षांत देशाला काही जिंकून देणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलींची नावे, सालासकट: कविता राऊत, म्युनिकला २०१० साली नेमबाजीत जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, पाटण्याच्या कबड्डीतल्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे, ललिता बाबर, मधुरिका, दिव्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक उचलणाऱ्या संघाची कप्तान प्रियांका इंगळे. अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८ विरुद्ध ४०, हेही कंसात.

पत्र दहा दिवसांनी छापून आले. मथळा होता, 'लेकींना न्याय द्या!' पहिले दोन परिच्छेद जसेच्या तसे होते. शेवटचा परिच्छेद जिथे यायचा, तिथे एका सिमेंटची जाहिरात होती. तिच्यात एक पुरुष क्रिकेटपटू भिंतीला पाठ लावून हसत उभा होता. खाली माझे नाव मात्र अगदी ठळक आणि बिनचूक छापले होते. गाव 'कडवली' झाले होते.